मुहूर्ताची दोन विमानं

नाशिक,
शुक्रवार, ११ जून १९३७

प्रिय नरहर,

गुरुवार, २० मे १९३७, सकाळी दहा वाजून त्रेपन्न मिनिटं. इगतपुरीच्या नन्सनी मला एक गोष्ट पक्की शिकवली. तक्रार लिहायची तर आधी तारीख आणि वेळ लिहावी, रडगाणं मागून. तुला ती वेळ मी सांगायला नकोच. तूच ती सुधाकरच्या लग्नपत्रिकेवर सोनेरी शाईत छापलीस आणि आपल्या मोटारींच्या मागच्या काचांवर चिकटवलीस. त्र्यंबकला निघालेल्या यात्रेकरूलाही कळायला हवं होतं की नरहरशेठच्या एकुलत्या मुलाचं लग्न किती वाजता लागणार. ते आता साऱ्या मुंबई इलाख्याला कळलं आहे. वर्तमानपत्रांनी तीच वेळ छापली, फक्त काळ्या चौकटीत.

तू पुण्याला सासुरवाडीला, भागीरथीच्या माहेरी जाऊन बसलास, त्यानंतर तुझं एकच कार्ड आलं. "हवा चांगली आहे, अक्काने काळजी करू नये." मी काळजी करत नाही. पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत काढलेली बाई आहे मी, काळजी आणि संताप यांतला फरक मला कळतो. तू इथली बातमी विचारली नाहीस, म्हणून न विचारता सांगते. तुझी दुकानं बंद आहेत, मोटारी चालू आहेत. द्वारकेच्या नाक्यावर तुझे ड्रायव्हर अजूनही गोटीरामच्या ड्रायव्हरांशी उतारूंवरून भांडतात. मृग लागला, आभाळ कोरडं आहे. माझे गुडघे दुखतात. आणि वेणू माझ्याकडे आहे.

तिचं नाव वाचून तू कागद खाली ठेवशील हे मला माहीत आहे. उचल आणि पुढे वाच.

ती आठ दिवस हरसूलला वडिलांकडे होती. मास्तर माणूस सरळ. तिला घेऊन आला तेव्हा माझ्या ओट्यावरच बसला, आत यायलाही लाजत होता. म्हणाला, "बाई, गावात लोक वाईट बोलत नाहीत. नुसते उठून जातात. ही पाणवठ्यावर गेली की बाया घागरी उचलतात." तुझ्या बायकोने मांडवात जे वाक्य उच्चारलं ते तिथवर पोचलं होतं, आणि हरसूलला तर तुझी मोटारही जात नाही. मी म्हटलं, ठेवा मुलीला इथे. सहा वर्षं माझ्याच घरात राहून ती शिकली आहे, हे घर तिला नवं नाही. स्थळही मीच सुचवलं होतं. तुझ्या घरात एक तरी माणूस भूगोलाच्या पुस्तकाबाहेरचं जग समजणारं यावं, हा माझा स्वार्थ होता.

पण ही ती वेणू नव्हे. साऱ्या वर्गाला हसवणारी, मला उलट उत्तर देऊन वर खडूही मागणारी ती मुलगी कुठे गेली मला माहीत नाही. ही खाली पाहून चालते. विहिरीवर जाते तेव्हा डोळे मिटून दोर ओढते, कारण पाण्यात आभाळ दिसतं. अंगणात वाळत घातलेले कपडे चाचपडत काढते. एकदा घार ओरडली तर हातातली परात टाकून तिने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले आणि तशीच उभी राहिली. मी हात काढायला गेले तर म्हणाली, "थांबा, ती जाऊ द्या आधी." स्वयंपाक करते, माझे पाय चेपते, जेवणानंतर माझं पान लावून देते. माझं पान खाणं तुला आवडत नाही, नन्सनाही आवडत नव्हतं, पण तेवढं एक व्यसन माझं. दुपारी डुलकी काढायच्या आधी एक विडा. तो ती न चुकता देते, मान खाली घालून.

गल्लीने आपला धर्म पाळला आहे. समोरच्या घराने चौकटीला बिबा आणि लिंबू बांधलं. सकाळी माझ्या उंबऱ्यावर मीठ-मोहऱ्या पडलेल्या असतात. साळूबाई, जी वीस वर्षं माझी भांडी घासते, तिने परवा पदराने डोळे पुसत सांगितलं, "मला काय नाय वाटत वो बाई, पोरगी लय गुणाची हाय. पन माझा नातू लहान हाय." मी तिला म्हटलं, जा. भांडी आता मीच घासते. समोरची एक शहाणी बाई तर मला विचारायला आली, की लग्न लागलं नाही तर त्या मुलीच्या हातात हिरवा चुडा कशाला? मी म्हटलं, तुमच्या घरात बुद्धी नाही तरी डोक्यावर पदर आहेच ना. ती पुन्हा आली नाही.

चुड्याचं खरं कारण वेगळं आहे. तो नूरबानोने भरला होता, लग्नाच्या आदल्या दिवशी. आपल्याकडे तीन पिढ्या बांगड्या भरायला तिच्याच घरची माणसं येतात. वेणूचा हात दाबून म्हणाली होती, "इतकं नरम हाड, ही पोरगी सासूला रडवणार नाही, सासूच हिला रडवेल." भागीरथी हसली होती, आठवतं? दुसऱ्या दिवशी गोटीरामने फुलं टाकायला आणलेलं विमान तिच्या मणियारांच्या गल्लीवर पडलं. नूरबानो लग्नाचं जेवण घ्यायला यायची म्हणून नवं लुगडं नेसत होती. तिची सून वाचली, तीच सांगते. आता तो चुडा काढायचा म्हटलं तर वेणू हात मागे घेते. म्हातारीच्या हातचं जगात तेवढंच उरलं आहे.

आता मुळाशी येते. तू आणि गोटीराम रस्त्यावर एकमेकांना वाट देत नव्हता तोवर माझं काही म्हणणं नव्हतं. उतारूंच्या अंगावर धूळ उडायची, बस. पण त्याच्या मुलीच्या लग्नाला पंचांगाने तोच मुहूर्त दिला. त्यात त्याचा दोष नाही, तुझा नाही. वैशाखात चांगले मुहूर्त थोडे आणि उपवर मुलं फार. त्याने पंचवटीत मांडव घातला, तू गंगा-गोदावरीच्या अलीकडे. मग कळलं की तो मुंबईहून विमान आणून मांडवावर फुलं टाकणार. तू दोन दिवस जेवला नाहीस. तिसऱ्या दिवशी तूही विमान ठरवलंस. आणि फुलं थेट वधूवरांच्या डोक्यावर पडावीत म्हणून मांडवाचं कापड मधोमध उघडं ठेवलंस. गुरुजी म्हणाले, "शेठ, मांडवाला छत असावं, डोक्यावर उघडं आभाळ बरं नव्हे." तू म्हणालास, "गुरुजी, तुम्ही मंत्र सांभाळा, आभाळाचं मी पाहतो." शब्द न शब्द तुझे आहेत, मी रचलेले नाहीत.

आदल्या संध्याकाळी तो वैमानिक तुझ्या ओसरीवर आला, हबीब. रत्नागिरीकडचा, बावीस-तेवीस वर्षांचा, टोपी हातात धरून बसला. दोन्ही विमानं ओझरच्या माळावर शेजारी शेजारी उतरली होती, दुसरा वैमानिक त्याचा मित्रच होता. चहा मी दिला, म्हणून मी तिथे होते. तो म्हणाला, "शेठजी, दोघं एकाच वेळी गंगेवर आलो तर जागा पुरायची नाही. एकाने पंधरा मिनिटं मागाहून यावं." तू काय म्हणालास? "माझ्या सुनेच्या अंगावर मुहूर्त टळलेली शिळी फुलं पडायची नाहीत." तो हसला. त्याला वाटलं तू गंमत करतोस. मग त्याने तोड काढली. तो पांडवलेण्यांच्या बाजूला वर घिरट्या घालत थांबेल. गोटीरामचं विमान फुलं टाकून पार दूर गेलं, की गच्चीवरून कुणीतरी पांढरं फडकं हलवायचं. ते दिसल्याशिवाय तो खाली उतरणार नाही. आणि उठताना म्हणाला, "माझ्या पंखांखालचं मला काही दिसत नाही, शेठजी. तिथं डोळे तुमचे." तू म्हणालास, "मी स्वतः उभा राहीन." माझ्याकडे वळून त्याने विचारलं होतं, "मावशी, उद्या जेवायला पुरणपोळी आहे का?" मी म्हटलं, खाली नीट उतरलास तर आहे.

हे कालपर्यंत मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तुझ्या तोंडून येईल म्हणून थांबले.

मांडवात मी कडेला बसले होते, दाराजवळ, कारण आत जीव गुदमरत होता. तिथून तुझी गच्ची समोर दिसते. शेवटचं मंगलाष्टक चालू होतं, लोक अक्षता घट्ट धरून उभे. विमानाचा आवाज येत होता आणि आमचं भाबडं वऱ्हाड खुशीत होतं, आलं आलं म्हणत. पंचवटीवर ते पहिलं विमान खाली वाकलेलं मला दिसलं, फुलांची एक पिवळी रेघ सुटली, आणि ते गंगेवरून आपल्या बाजूने वर चढायला लागलं. ते गेलं नव्हतं, नरहर. ते आपल्याकडेच येत होतं. मी गच्चीकडे पाहिलं. तुझ्या एका हातात सोन्याचं घड्याळ होतं आणि दुसऱ्या हातात उपरणं. तू आकाशाकडे पाहत नव्हतास. घड्याळात पाहत होतास. भटजींनी "सावधान" म्हटलं, आणि तू उपरणं हलवलंस.

आपले बाबा गार्ड होते. आई गेल्यावर मी तुला कडेवर घेऊन इगतपुरीच्या फलाटावर उभी राहायची, ते आठवतं का? तू त्यांच्या निशाणांशी खेळायचास. घरात हिरवं निशाण उगाच हलवलंस म्हणून त्यांनी तुला एकदा उपाशी ठेवलं होतं. मी चोरून भाकरी दिली तर मलाही रागावले. म्हणाले, "यमुने, हे कापड हललं की पुढचा माणूस डोळे मिटून गाडी सोडतो. याच्यात खेळ नाही." तू सहा वर्षांचा होतास. मला वाटलं होतं, तेवढं तरी तुझ्यात उरलं असेल.

हबीब खाली आला. त्याने शब्द पाळला. फडकं दिसलं आणि तो उतरला, आणि त्याच्या पंखांखाली त्याचा मित्र होता. आवाज मोठा झाला नाही, कुणीतरी कोरडी फांदी मोडावी तसा झाला. त्याआधी एक क्षण अंतरपाट खाली आला होता. वेणूने सुधाकरच्या गळ्यात माळ घातली होती, सुधाकरचे हात अजून वर होते. ती आवाज ऐकून दचकली आणि तिने वर पाहिलं. डोक्यावर तू आभाळ उघडं ठेवलं होतंस, कुणीही पाहिलं असतं. मग फुलं आली. आधी फुलं, मागून जळत्या कापडाचे तुकडे. आणि त्या गोंधळात भागीरथीचा आवाज, साऱ्यांच्या वर: "हिनं नवऱ्याकडे न पाहता वर पाहिलं. हिची नजर लागली." हबीबचं विमान गंगेच्या वाळूत पडलं. लोक पळाले. ते वाक्य मात्र पळालं नाही, ते तिथेच वेणूच्या अंगावर बसलं.

मी भागीरथीला समजू शकते. घाबरलेली बाई समोर दिसेल त्याला धरते. पण तू गच्चीवरून खाली आलास, ते वाक्य ऐकलंस, आणि गप्प राहिलास. तुझं उपरणं तेव्हा खांद्यावर नीट घडी घातलेलं होतं. नंतर तू कलेक्टर कचेरीत जबाब दिलास, की वैमानिक खूण न पाहता उतरला, खूण कुणी केलीच नव्हती. मलाही तिथून बोलावणं आलं आहे, कारकुनाने तुझा जबाब मला वाचून दाखवला. मेलेल्या पोराच्या माथी मारलंस. त्याची आई रत्नागिरीहून आली होती, मुलगा दारू पीत होता का, असं लोक तिला विचारत होते. आणि आता ऐकते की सप्तपदी झाली नाही म्हणजे लग्नच झालं नाही, असं तुम्ही ठरवलंत आणि मालेगावकडचं नवं स्थळ पाहता आहात. सुधाकर काय म्हणतो? त्याचे हात अजून वरच आहेत का?

तुझा व्यवहार, तुझी अब्रू, तुझी मोटारींची सनद, सगळं मला कळतं. खरं बोललास तर गोटीराम हसेल. हसू दे. त्याच्याही घरी मांडवात राख पडली, तो फार वेळ हसणार नाही.

इतके दिवस मी गप्प होते, मग आज का लिहायला बसले ते सांगते. चार दिवसांपूर्वी भाजी निवडता निवडता वेणूने मला विचारलं, "बाई, आंधळ्या माणसाची नजर लागते का?" मला वाटलं, चला, निदान प्रश्न तरी विचारू लागली, जुनी वेणू परत येते आहे. मी शिक्षिकेसारखं उत्तर दिलं, की नजर नावाची गोष्टच नसते. ती "बरं" म्हणाली. काल दुपारी मी जेवून आडवी झाले. विडा आला नव्हता. हाक मारली, उत्तर नाही. उशाशी पाहिलं तर पानाचा डबा होता, आतली चुन्याची डबी नव्हती. मी उठले. माझे गुडघे मला दहा पावलंही धड नेत नाहीत, काल कसे नेले देव जाणे. ती स्वयंपाकघरात खिडकीकडे पाठ करून बसली होती. मांडीवर चुन्याची डबी उघडी. हातात माझी काजळाची काडी, टोकापासून अर्धी पांढरी. डावा डोळा तिने दोन बोटांनी उघडा धरला होता, लहान मुलांना काजळ घालताना आपण धरतो तसा. मी मनगट धरलं. दोन बांगड्या फुटल्या. ती अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाली, "बाई, एकच डोळा केला तर चालेल का? म्हणजे तुमची कामंही होतील."

मी तिला सगळं सांगितलं. हबीब, फडकं, गच्ची, घड्याळ. काल संध्याकाळपर्यंत सांगत होते. तिने ऐकून घेतलं, माझा हात थोपटला आणि म्हणाली, "तुम्हाला माझी माया आहे म्हणून तुम्ही असं म्हणता. खरं असतं तर मामंजी बोलले नसते का?" अजून ती तुला मामंजी म्हणते, नरहर. माझ्या शब्दाला तिच्याजवळ किंमत नाही, मी तिची आहे म्हणून. तुझ्या शब्दाला आहे, तू तिला टाकलंस तरी. चुना मी विहिरीत फेकला, पान सोडलं, सुया आणि विळी कुलपात ठेवल्या आहेत. ती न्हाणीत गेली तरी मी दाराशी उभी राहते. पण मी एकसष्ट वर्षांची आहे, मला झोप लागते.

मला तुझ्याकडून क्षमा नको, सुधाकर नको, मानपान नको. मला एक कागद हवा. वेणूच्या नावाने, तुझ्या हातचा, कारण तुझं अक्षर ती ओळखते. त्यात लिही की दुसरं विमान समोर असताना खूण तू केलीस. त्यात लिही की तू वर पाहिलं नाहीस. आणि लिही की तिने पाहिलं, यात तिचा काही दोष नाही. एवढीच तीन वाक्यं. माझी चौकशीतली साक्ष सोमवारी, २१ तारखेला, सकाळी अकरा वाजता आहे. विचारतील ते मी सांगणार, तू काही लिहिलंस तरी आणि न लिहिलंस तरी, त्यात सौदा नाही. पण तिथे मी बोललेलं ती पुन्हा माझी माया म्हणून सोडून देईल. म्हणून तुझं पत्र आधी यायला हवं. शनिवार, १९ जून, दुपारच्या टपालापर्यंत. पोस्टमन येतो तेव्हा दार तीच उघडते, खाली पाहून. लेखी उत्तर पाठव.

तुला कडेवर घेऊन फलाटावर उभी राहिलेली, अजूनही तुझीच,
यमुनाअक्का